शून्य वजनाचे बिंदू

एस्किल ट्रानेकेअरच्या निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि विद्यापीठातल्या रसायनशास्त्र विभागानं त्याला शेवटचं काम दिलं होतं ते झाडलोटीचं. आकड्यांची झाडलोट. तीस वर्षांत जमवलेली मोजमापांची जुनी फाइल नव्या कोठारात हलवायची आणि हलवताना एकेक ओळ तपासायची. हुकूम असा कोणी केला नव्हता. तिथं हुकूम करत नाहीत, "तुला वेळ असेल तर" म्हणतात, आणि ते हुकुमापेक्षा वाईट असतं.

एस्किलचा धंदा समजायला अवघड नाही, फक्त तो कोणी विचारत नाही. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभार असलेले कण सुटे होतात आणि एकमेकांना ओढतात, ढकलतात, गर्दीतल्या माणसांसारखे अवघडून वागतात. त्यामुळे असतात शंभर, पण वागतात सत्तर असल्यासारखे. या सत्तर-शंभराच्या प्रमाणाला सक्रियता गुणांक म्हणतात. साध्या पाण्यात तो बऱ्यापैकी ठाऊक आहे. पाण्यात मिथेनॉल मिसळलं की मात्र कणांना कोणाशी जमवून घ्यावं ते कळेनासं होतं, आणि मग एस्किलसारख्या माणसांचं पोट भरतं. त्यानं एक सूत्र बसवलं होतं. समुद्राखालून गॅस आणणाऱ्या नळ्यांत मीठ कुठे साचेल हे ते सांगतं. सूत्राला त्याचं नाव लागलं नाही, पण ज्यांना कळतं त्यांना ते त्याचं आहे हे ठाऊक होतं. असे जगात साठ-सत्तर लोक असतील.

सूत्र बसवायचं तर इतरांनी केलेल्या मोजमापांवर बसवायचं, आणि प्रत्येक मोजमापाला वजन द्यायचं. विश्वास असेल तर एक, नसेल तर शून्य. शून्य वजनाचा बिंदू फाइलीतून काढत नाहीत. तो राहतो, पण सूत्र त्याच्याकडे बघत नाही. लग्नाला बोलावून पंगतीत न बसवलेल्या पाहुण्यासारखा.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी एस्किल तीनशे चाळिसाव्या ओळीवर आला. तिथून पुढे दोनशे चौदा ओळी सगळ्या शून्य वजनाच्या. सगळ्यांसमोर एकच नाव: विबेके योर्टलुन.

विबेकेनं ते दोनशे चौदा बिंदू सहा वर्षांत मोजले होते, तळमजल्यावरच्या खोलीत, एकटीनं. काचेच्या पात्रात दोन विद्युताग्रं बुडवायची, भोवतीच्या टाकीतलं पाणी अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर धरायचं आणि व्होल्टमापीवरचा आकडा हलायचा थांबेपर्यंत बसून राहायचं. एक बिंदू म्हणजे दीड दिवस. तिच्या टाकीचं तापमान २५ नसायचं, २५.० सुद्धा नसायचं. २५.०० असायचं. दुसरं शून्य ती स्वतः मिळवायची.

फाइलीत एक रकाना होता, ज्याकडे एस्किलनं तीस वर्षांत पाहिलं नव्हतं, कारण तो त्यानंच भरला होता. त्या रकान्यात गुणांक कुठून मोजला ते लिहायचं. डोंगराची उंची समुद्रापासून मोजता येते, नाहीतर पायथ्यापासून. ज्या देशातला सगळ्यात उंच डोंगर एकशेसत्तर मीटरचा, तिथल्या माणसाला हा फरक डोंगरापेक्षा मिठातच आधी कळतो. निव्वळ पाण्यापासून मोजलं असेल तर रकान्यात एक. त्या-त्या मिश्रणापासूनच मोजलं असेल तर दोन.

विबेकेच्या सगळ्या ओळींत एक होता.

एस्किलनं कपाटातून तिचा जुना लेख काढला. तिसऱ्या पानावर, तळटिपेत नव्हे, मजकुरातच, स्वच्छ लिहिलेलं होतं: संदर्भ, तेच मिश्रण.

त्यानं दोनशे चौदा एकांचे दोन केले आणि सूत्र पुन्हा चालवलं. चार सेकंद लागले. सगळे बिंदू त्याच्या रेषेवर येऊन बसले, दोऱ्यात मणी ओवावेत तसे. त्याचं सूत्र इतकं सुंदर कोणाच्याच मोजमापांना बसलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, असं त्याला वाटून गेलं.

*

तीस वर्षांपूर्वी तो शुक्रवार होता. शुक्रवारी दहा वाजता विभागात केक असतो, पाळीपाळीनं. दारावर यादी लावलेली असते आणि ती यादी राज्यघटनेपेक्षा पाळली जाते. त्या शुक्रवारी पाळी विबेकेची होती. तिनं वर नारळाचा कीस आणि करपवलेली साखर घातलेला केक आणला होता. आणि त्या शुक्रवारी पस्तिशीच्या एस्किलनं, तोंडात तो केक असताना, भिंतीवर आलेख दाखवला. वर त्याची रेषा. खाली फुल्या मारलेले विबेकेचे बिंदू.

"तुझी विद्युताग्रं सरकलीत," तो म्हणाला. "पद्धतशीर चूक आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, होतं असं."

विबेके त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. ती आलेखाजवळ गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"एस्किल, माझी रेषा तुझ्या रेषेला समांतर आहे."

"म्हणूनच म्हणतो, पद्धतशीर."

"चूक झाली की माणूस विस्कटतो. असा शिस्तीत चालत नाही. कुठून मोजलंय ते बघ एकदा."

"बघितलंय," एस्किल म्हणाला. बघितलं नव्हतं. पण सगळे ऐकत होते, आणि केक खरंच चांगला होता.

मग ते वाक्य छापून आलं. 'योर्टलुन यांची मोजमापं पद्धतशीर चुकीमुळे वगळली आहेत.' एका वाक्याचा तो काय भार. पण पुढच्या वर्षी कोणती खोली बंद करायची हा प्रश्न आला, तेव्हा समितीत कोणीतरी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. तळमजल्यावर आता छपाईयंत्र आहे. विबेकेला पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं मिळाली, आणि तिनं एकोणीस वर्षं अठरा वर्षांच्या पोरांना नळीतल्या पाण्याची पातळी डोळ्यासमोर आणून वाचायला शिकवलं. तक्रार केली नाही. केकच्या पाळ्याही चुकवल्या नाहीत. फक्त तो नारळाचा केक पुन्हा आणला नाही. साधा लिंबाचा आणायची.

*

विभागाची सचिव युट्टे हिला एस्किलनं बुधवारी सांगितलं. युट्टेला न सांगता विभागात काही खरं ठरत नाही.

युट्टेनं चष्मा काढला. "म्हणजे ती बरोबर होती."

"हो."

"आणि तू चूक."

"चूक म्हणजे, रकान्यात एकच्या जागी दोन—"

"एस्किल, मी रसायनशास्त्र नाही शिकले, साधं शाळेतलं बोलते. ती बरोबर होती आणि तू चूक. हो की नाही?"

"हो."

"मग जा आणि सांग. हुम्लेबेकला राहते, सायकलनं चाळीस मिनिटं. आणि लवकर जा. तिच्या हाडांत पसरलंय म्हणतात."

एस्किलला ते ठाऊक नव्हतं.

"असं नुसतं जाऊन नाही सांगता येत," तो म्हणाला. "आरोप मी छापून केला होता. मागे घेतानाही छापूनच घ्यायला हवा. तोंडी सांगितलं तर काय अर्थ? चार पानांचं टिपण लिहितो, नियतकालिकात पाठवतो. छापून आलं की ते घेऊन जातो तिच्याकडे."

"किती दिवस लागतात छापायला?"

"तीन-चार महिने."

"तिला किती आहेत, विचारलंस?"

"मी लगेच लिहायला घेतो," एस्किल म्हणाला, आणि खरंच घेतलं. इतकं लगेच त्यानं आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. दोन आठवड्यांत टिपण गेलं. त्यात 'चूक सर्वस्वी प्रस्तुत लेखकाची आहे' असं वाक्य होतं, आणि ते लिहायला त्याला त्या दोन आठवड्यांतले चार दिवस लागले.

*

परीक्षण मेच्या मध्याला आलं. असं टिपण संपादक त्या विषयातल्या एका जाणकाराकडे पाठवतो, आणि तो जाणकार निनावी राहतो. संपादक तरुण होता, दुसऱ्या देशातला. त्यानं संगणकात विषय टाकला असणार आणि जिवंत असलेल्यांपैकी जे नाव वर आलं त्याला पाठवून दिलं असणार. टिपण कोणाच्या मोजमापांबद्दल आहे हे बघायला त्याला वेळ नसावा. हल्ली कोणाला असतो?

परीक्षकाच्या तीन सूचना होत्या.

एक: रूपांतर योग्य आहे.

दोन: तक्ता दोन, तिसरी ओळ, चिन्ह उलट.

तीन: लेखकाने फक्त २५.०० अंशांची मोजमापे घेतली आहेत. मूळ मोजमाप करणाऱ्या व्यक्तीकडे १५.०० व ३५.०० अंशांची अप्रकाशित मोजमापे असावीत. लेखकाने ती मागावीत.

एस्किलनं तिसरी सूचना वाचली आणि खुर्ची मागे सारली. दोन शून्यं. जगभर लोक २५ लिहितात, कोणी फारच काटेकोर असला तर २५.०. दुसरं शून्य लिहिणारी एकच बाई होती.

तो युट्टेकडे गेला. "विबेकेच आहे परीक्षक."

"मग झालंच की! वाचलं तिनं. आता तरी जा."

"आता तर जाताच येत नाही. परीक्षण चालू असताना लेखकानं परीक्षकाशी संपर्क करायचा नसतो. नियम आहे."

युट्टेनं पुन्हा चष्मा काढला. "तुम्हा लोकांना देवानं मेंदू दिला," ती म्हणाली, "आणि बाकीचं सामान द्यायचं राहिलं बहुतेक."

*

तरी तो गेला. जूनच्या सहा तारखेला, शनिवारी. संपर्क करायचा नाही, फक्त कुंपणावरून पाहून यायचं, असं स्वतःला बजावून. टिपणाच्या चार पानांची प्रत मात्र त्यानं सायकलच्या पिशवीत घेतली होती. ती कशाला, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

विबेके अंगणात बसली होती, उन्हातसुद्धा लोकरी शाल घेऊन. मांडीवर पाण्याचं भांडं आणि त्यात नवे बटाटे. पलीकडे सामुद्रधुनी, तिच्यापलीकडे स्वीडन.

"कुंपणाबाहेर उभा राहून काय मोजतोयस?" ती म्हणाली. "आत ये."

तो आत जाऊन बाकावर बसला. ती फार बारीक झाली होती. मनगटावरचं घड्याळ कोपराच्या दिशेनं सरकत होतं.

"कशी आहेस?"

"कमी होतेय. आठवड्याला सातशे ग्रॅम. अगदी सरळ रेषेत." तिनं बटाटा खरवडला. "पद्धतशीर आहे. चूक नाही त्यात, तपासून घेतलंय."

एस्किलला हसावं की काय करावं ते कळेना. तिनंच हसून सोडवलं त्याला.

"एक टिपण आलंय माझ्याकडे वाचायला," ती म्हणाली.

"विबेके, त्याबद्दल आपण—"

"कशाबद्दल आहे ते कुठे सांगतेय मी? लेखक बरा वाटतो. चिन्हांत गोंधळ घालतो, पण मन साफ आहे."

"परीक्षण चालू असताना लेखकानं परीक्षकाशी—"

"नियम मलाही ठाऊक आहे. मी कोणा लेखकाशी बोलत नाहीये, एस्किल. मी बटाटे खरवडतेय."

समुद्रावरून बगळा गेला. दोघांनी त्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

"तुला काय वाटतं," विबेके भांड्यात बघत म्हणाली, "त्या लेखकाला काही विचारायचं असेल कोणाला?"

एस्किलच्या जिभेवर एकच शब्द होता. चुकलो. तीन अक्षरं. पिशवीत त्याची चार पानं होती आणि पिशवी त्याच्या पायाशी होती. पण त्या क्षणी त्याला काय दिसलं, तर नियतकालिकाचं पान, आणि त्यावरचा नियम क्रमांक सात. तो आयुष्यभर नियमानं वागला होता. अपवाद एकच, त्या शुक्रवारी न बघता 'बघितलंय' म्हणाला तो. त्याचं काय झालं ते समोरच बसलं होतं. आता पुन्हा नियम मोडून तिच्याशी बोलायचं, हे त्याला दुसऱ्यांदा तोच अन्याय केल्यासारखं वाटलं. यावेळी सगळं रीतसर व्हायला हवं होतं. तिच्यासाठीच.

"विचारेल," तो म्हणाला. "स्वीकृती आली की लगेच विचारेल."

विबेकेचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"बरं," ती म्हणाली. "स्वीकृती आली की ये मग. केक करते. नारळाचा."

"तुझी पाळी आहे का?" एस्किलनं विचारलं. विचारून झाल्यावर त्याला स्वतःची शरम वाटली.

"आहे असं समज."

घरी जाऊन त्यानं त्याच दिवशी परीक्षकाला रीतसर उत्तर लिहिलं. सूचना दोन: मान्य, चिन्ह दुरुस्त केले. सूचना तीन: अत्यंत मोलाची. स्वीकृती मिळताच संबंधित व्यक्तीकडे विनाविलंब विचारणा केली जाईल.

'विनाविलंब'खाली त्यानं रेघ मारली. संगणकानं ती रेघ घेतली नाही.

*

जुलैत सुट्टीमुळे सगळा देश बंद असतो. एस्किल पश्चिम किनाऱ्यावरच्या उन्हाळी घरात होता. तिथं त्याचा फोन लागत नाही, आणि त्याला आजवर त्याचा अभिमान होता. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी तो सायकलवरून विभागात आला, तर दारासमोरचा झेंडा अर्ध्यावर होता.

युट्टे दाराशीच उभी होती, काळे कपडे घालून.

"शुक्रवारी गेली," ती म्हणाली. "आज एक वाजता चर्चमध्ये आहे. चार फोन केले तुला."

एस्किलनं सायकलला कुलूप लावलं. किल्ली फिरत नव्हती, तरी तो फिरवत राहिला.

"हे तुझ्यासाठी," युट्टेनं तपकिरी पाकीट पुढे केलं. यावेळी तिनं टोमणा मारला नाही, आणि तेच त्याला सोसवेना. "तिच्या भाचीनं काल आणून दिलं."

तो वर आपल्या खोलीत गेला. संगणक उघडला, तो सवयीनं. पहिलाच निरोप संपादकाचा होता. सुट्टीमुळे विलंब झाल्याबद्दल दिलगिरी. टिपण स्वीकारलं आहे. परीक्षकाचा दुसरा अभिप्राय सोबत. अभिप्रायावर तारीख होती सात जून. तो बाकावर बसून गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. आठ आठवडे ते कागद संपादकाच्या पेटीत पडून होते, कारण अभिप्राय निर्णयाबरोबरच पाठवायचा असतो. तोही नियमच.

एक: चिन्ह आता बरोबर.

दोन: प्रकाशित करावे.

तीन: १५.०० व ३५.०० अंशांची मोजमापे फार काळ उपलब्ध राहतीलच असे नाही. लेखकाने स्वीकृतीची वाट पाहू नये.

एस्किलनं तिसरी ओळ पुन्हा वाचली नाही. एकदाच पुरेशी होती.

पाकिटात निळ्या पुठ्ठ्याची वही होती. आत १५.०० आणि ३५.०० अंशांचे तक्ते, आणि प्रत्येक तक्त्यात गुणांकाचे दोन रकाने, शेजारी शेजारी, पट्टीनं आखलेले. डावीकडे 'पाण्यापासून'. उजवीकडे 'मिश्रणापासून'. तक्त्यांखाली तारीख होती: त्या केकच्या शुक्रवारनंतरचा पाचवा महिना. म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं, त्यानं नेमकं कुठे काय चुकीचं भरलंय. पुन्हा चूक करताच येणार नाही अशी वही तिनं त्याच्यासाठी तयार करून ठेवली होती, आणि मग तीस वर्षं वाट पाहिली होती.

आतल्या पहिल्या पानावर जुन्या शाईत दोन शब्द होते: 'विचारल्यास द्यावी.' त्यातला पहिला शब्द नव्या पेननं खोडला होता.

चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसला, वही मांडीवर घेऊन. गाणी झाली, माती टाकून झाली. नंतर तिच्या भाचीनं सगळ्यांना कॉफी दिली, आणि केक. लिंबाचा होता. संध्याकाळी परतला तेव्हा झेंडा वर गेलेला होता. अंत्यविधी आटोपला की तो वर चढवतात.

*

वहीतले आकडे त्यानं फाइलीत भरायला दोन आठवडे घेतले. हातानं, एकेक. संदर्भ दोन, वजन एक. प्रत्येक ओळ भरल्यावर तो तिच्या जुन्या लेखाच्या तिसऱ्या पानावर जाऊन पुन्हा बघून यायचा. शेवटी सूत्र चालवलं आणि सगळे बिंदू रेषेवर येऊन बसले. तो उठून दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. दाखवायला कोणी नव्हतं.

सप्टेंबरमध्ये टिपणाची मुद्रितं, छापण्याआधी तपासायची पानं, आली. शेवटी आभाराची ओळ त्यानं वाढवली होती: 'विबेके योर्टलुन यांचे, मोजमापांबद्दल, आणि निनावी परीक्षकाचे, वाट पाहू नका असे सांगितल्याबद्दल.'

मुद्रितं तपासणाऱ्यानं समासात एकच शंका काढली होती. तो जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेला काटेकोर माणूस असावा. 'या दोन वेगवेगळ्या व्यक्ती आहेत ना? परीक्षकाची ओळख उघड करता येत नाही. कृपया खात्री करून हो किंवा नाही लिहावे.'

एस्किलनं युट्टेला बोलावून ते दाखवलं. तिनं वाचलं. त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि निघून गेली. शुक्रवार होता. बाहेर ताटल्यांचे आवाज येत होते. यादीप्रमाणे पाळी त्याची होती, आणि केक त्यानंच केला होता, नारळाचा. वरची साखर जास्तच करपली होती.

दहा वाजून पाच मिनिटं होईपर्यंत तो उत्तराच्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसला. मग 'हो' लिहिलं, आणि केक खायला गेला.